रिपीटरसाठी टिकाऊ अँटेना: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत काय तगतं

रिपीटर म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवाल्यांचा क्षीण सिग्नल ऐकून तो जोरात पुन्हा प्रसारित करणारं यंत्र. त्याच्यासाठी अँटेना घ्यायचा ठरला की आमच्या हॅम गटात पहिला प्रश्न येतो गेनचा, म्हणजे अँटेना ताकद किती एकवटतो याचा. किती डीबी (डेसिबल)? मी आधी दुसरंच विचारते: याला जोड किती आहेत, आणि ते कुठल्या धातूंचे आहेत? माझं नोकरीचं सगळं आयुष्य ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीची हवा. तिथे मीटर, ग्लँड, जंक्शन बॉक्स कशाने मरतात हे रोज बघायला मिळायचं. ऐरोलीत राहून हॅम रेडिओ करताना, आणि आमच्या गटाचा रिपीटर सांभाळताना, तेच शिक्षण कामी येतं. घरच्या स्टेशनवर जो अँटेना दहा वर्षं निमूट चालेल, तोच रिपीटरवर दुसऱ्या पावसाळ्यात डोकं उठवू शकतो. असं का होतं ते नीट समजलं, की निवड बरीच सोपी होते.

आपल्याकडे दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी त्याहून ६०० किलोहर्ट्झने वरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, बहुतेक ठिकाणी एकाच अँटेनातून. आता आकडे बघा. २५ वॉटचा ट्रान्समीटर म्हणजे साधारण ४४ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). रिसीव्हरला ऐकायचा असतो ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल, म्हणजे उणे १२१ डीबीएम. दोघांत १६५ डीबीचं अंतर आहे, तीनावर सोळा शून्यं इतक्या पटीचं. ट्रान्समीटरचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोहोचू नये म्हणून मधे डुप्लेक्सर नावाचा गाळणारा संच असतो आणि त्याच्या कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेले धातूचे डबे, आपलं काम चोख करतात. पण डुप्लेक्सर बसतो अँटेनाच्या आधी. त्याच्यापुढे, म्हणजे केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा अँटेनाच्या एखाद्या सैल स्क्रूमध्ये, ट्रान्समीटरच्या ताकदीने जी खरखर जन्माला येते ती थेट ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवरच पडते. ती गाळायला पुढे काहीच नसतं. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या एकमेकींत सरकवून स्क्रूने आवळलेल्या असतात. मधे मिठाचा आणि ऑक्साइडचा पातळ थर बसतो. वारा आला की तो जोड सूक्ष्म प्रमाणात हलतो, ठिणगी उडते. घरच्या स्टेशनवर हे कधीच कळत नाही, कारण आपण बोलताना ऐकत नसतो. रिपीटरवर मात्र लांबचा हँडी (हातातला छोटा रेडिओ) वापरणारा माणूस वारा सुटला की गायब होतो, आणि वारा पडला की परत येतो.

म्हणून रिपीटरच्या अँटेनाच्या बाबतीत ‘टिकला’ याचा अर्थ नुसता उभा राहिला असा घेऊ नका. मोडून पडलेला अँटेना निदान दिसतो. आतून खरखर करू लागलेला अँटेना महिनोन्‌महिने सगळ्यांना फसवतो. लोक रिसीव्हर उघडतात, डुप्लेक्सर पुन्हा जुळवतात, पॉवर सप्लाय बदलतात, आणि दोष वर पाइपावर बसलेला असतो.

फायबरग्लासची पांढरी काठी की उघडे डायपोल?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला कोलिनिअर: फायबरग्लासच्या नळीत एकावर एक रचलेले रेडिएटर (लहरी फेकणारे तुकडे), मधे त्यांच्या लहरी एका ठेक्यात आणणारी फेजिंगची गुंडाळी. दिसायला देखणा, लावायला सोपा, वाऱ्याला कमी अडवणारा. दुसरा उघड्या फोल्डेड डायपोलचा (नळी वाकवून केलेल्या लांबट कड्यांचा) अरे, म्हणजे रचलेला संच: एका उभ्या पाइपावर दोन, चार किंवा आठ डायपोल, आणि त्यांना जोडणारी केबलची हार्नेस. तो बोजड असतो, चढवायला माणसं लागतात, सोसायटीच्या सेक्रेटरींना बघताक्षणी धडकी भरते.

माझं मत सरळ सांगते. खाडीपासून पाच-सात किलोमीटरच्या आत, म्हणजे ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, कळवा, ठाणे पूर्व आणि बेलापूरपर्यंत कुठेही रिपीटर असेल, तर वेल्डिंग केलेला उघडा फोल्डेड डायपोल घ्या. परवडत नसेल तर चारऐवजी दोन डायपोलचा घ्या, पण प्रकार हाच.

याची कारणं. फोल्डेड डायपोलच्या ज्या दांडीला केबल जोडलेली नसते, तिचा मध्य थेट बूमला (डायपोल धरणाऱ्या आडव्या दांडीला) आणि बूममधून पाइपाला जोडलेला असतो. त्या बिंदूवर व्होल्टेज शून्य असतं, त्यामुळे रेडिओला त्याचा उपद्रव नाही. उलट वळवाच्या ढगांनी साचणारी स्थिर वीज तिथून जमिनीत उतरत राहते. मल्टिमीटर लावून बघा: मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात जवळपास शून्य ओहम यायला हवा. काही कोलिनिअरमध्येही अशी सोय असते, पण ती तळाशी एखाद्या गुंडाळीतून केलेली असते आणि वरचे रेडिएटर नाजूक सोल्डरवर तोललेले असतात. नळी वाऱ्यात डोलते, सोल्डर थकतो, एक दिवस चीर जाते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. उघड्या डायपोलचं मात्र सगळं डोळ्यांसमोर असतं. दुर्बिणीने खालूनच कळतं की दुसऱ्या डायपोलची केबल लोंबकळतेय. शिवाय चारांपैकी एक डायपोल निकामी झाला तरी रिपीटर लंगडत का होईना चालतो, आणि पावसाळ्यात ही फार मोठी गोष्ट आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी वर कोणी चढू शकत नाही, आणि रिपीटर लागतो तो नेमका अशाच दिवशी.

कोलिनिअर सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. दूरसंचार कामासाठी बनवलेल्या एकसंध नळीच्या, आत तांब्या-पितळेचे सोल्डर केलेले रेडिएटर आणि भोवती फोम भरलेल्या कोलिनिअर वर्षानुवर्षं टिकतात. मला नको असतो तो हौशी वापरासाठीचा, दोन-तीन तुकड्यांत येणारा, आत छोट्या स्क्रूने जोडायचा दुहेरी बँडचा अँटेना. डायमंड एक्स-५१० चं उदाहरण घ्या: लांबी ५.२ मीटर, दोन मीटरच्या बँडवर ८.३ डीबी आणि सत्तर सेंटीमीटरच्या बँडवर ११.७ डीबी गेन. घराच्या गच्चीवर तो उत्तमच. पण तुकड्यांचा प्रत्येक सांधा म्हणजे धातूवर धातू दाबून केलेला संपर्क, आणि रिपीटरवर मला नेमका तोच टाळायचा असतो. घ्यायचाच झाला तर त्याच घराण्यातला आखूड, एकाच तुकड्याचा घ्या. एक्स-५० साधारण १.७ मीटरचा आहे, गेन ४.५ डीबी. हरवलेले डीबी उंचीतून आणि चांगल्या केबलमधून परत मिळवता येतात.

फायबरग्लास घेतलात तर दोन गोष्टी आवर्जून बघा. तळाशी पाणी निथळायचं भोक असतं. ते कोणीतरी जास्तीची काळजी म्हणून एम-सीलने बुजवतं. मग आत दमट हवेचं पाणी होऊन साचतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. ते भोक उघडं ठेवा. अँटेना टॉवरच्या बाजूला उलटा टांगायचा असेल तर त्यासाठी बनवलेलाच घ्या, कारण नेहमीचा उलटा केला की भोक वर येतं आणि नळीत पाऊस भरतो. दुसरं, नळीवर उन्हाला टिकणारा लेप आहे का ते विचारा. लेप नसला की आपल्या उन्हात वरची राळ उडते, काचेचे तंतू उघडे पडतात, हात लावला की कुसं टोचतात. त्या तंतूंमधून पाणी आत झिरपतं.

गेनची हाव आणि आपले डोंगर

जाहिरातीतला आकडा वाचताना डीबीआय (सगळीकडे सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) आहे की डीबीडी (साध्या डायपोलच्या तुलनेत) ते आधी बघा. दोघांत २.१५ चा फरक असतो, आणि नुसतं ‘डीबी’ लिहिलेलं असेल तर तो डीबीआय समजून चाला. चार डायपोलचा अरे पाइपाच्या चारही बाजूंना फिरवून लावला तर साधारण ६ डीबीडी सगळीकडे सारखे मिळतात. चारही एकाच बाजूला लावले तर त्या बाजूला ९ डीबीडीच्या आसपास, आणि पाठीमागे कमी. ही सोय आपल्या भूगोलाला फार जुळते. पारसिकची रांग ठाणे-बेलापूर पट्टा आणि मुंब्रा-शीळ-डोंबिवली यांच्या मधे भिंतीसारखी उभी आहे. ऐरोलीच्या एखाद्या इमारतीवर रिपीटर असेल तर पूर्वेकडे फेकलेली ताकद डोंगरावर जाऊन आपटते. तिथे चारही डायपोल पश्चिमेला तोंड करून लावा. मुलुंड, ठाणे, ऐरोली, वाशी यांना त्याचा फायदा होतो. रिपीटर माथ्यावरच असेल तर मात्र चारही बाजूंना फिरवा, कारण तिथून डोंबिवली आणि ठाणे दोन्ही हवेत. घोडबंदर रस्त्याच्या लोकांना येऊरच्या डोंगराची सावली पडते. ती गेन वाढवून जात नाही, जागा बदलूनच जाते.

उंच जागेवर जास्त गेन घेतला तर उलटंही घडतं. गेन वाढतो तो उभ्या दिशेतला झोत चपटा करून. चार डायपोलच्या अरेचा झोत आडव्या रेषेच्या खाली आठ-नऊ अंशांपर्यंत अर्ध्या ताकदीने पोहोचतो. दोनशे मीटर उंचीवरून दोन किलोमीटरवरचा माणूस साधारण ५.७ अंश खाली असतो, म्हणजे तो झोतातच आहे. सत्तर सेंटीमीटरवर ११-१२ डीबी गेनची काठी लावली तर झोत जेमतेम तीन-साडेतीन अंश खाली उतरतो, आणि तोच माणूस झोताबाहेर राहतो. सगळी ताकद अरबी समुद्राकडे निघून जाते. क्षितिजाचं साधं गणित असं आहे: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. दोनशे मीटरवरून ५८ किलोमीटर, बाराव्या मजल्याच्या गच्चीवरून, छत्तीस मीटर धरले तर, पंचवीसच्या आसपास. त्यापुढच्या माणसासाठी गेन विकत घेऊ नका.

एक सावधगिरी. आपल्याकडे ‘व्हीएचएफ’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ अँटेना सुरक्षा कंपन्या आणि कारखान्यांच्या वॉकीटॉकीसाठी, १५० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्याच्या मापाला कापलेले असतात. १४५ वर ते चालतात असं दुकानदार सांगतो. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं मीटर) सोबत न्या आणि दुकानातच, निदान त्याच्या गच्चीवर, मोजा. रिपीटरच्या दोन्ही फ्रिक्वेन्सींवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या ताकदीचं माप) १.५ च्या आत, म्हणजे रिटर्न लॉस १४ डीबीपेक्षा चांगला हवा. एसडब्ल्यूआर कसाबसा जमला तरी चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर डायपोलमधली फेज सरकते आणि झोत वर किंवा खाली कलतो. हे मीटरवर दिसत नाही.

वारा, पाइप आणि क्लॅम्प

मुंबई परिसरासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे, ताशी साधारण १५८ किलोमीटर. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी १७ मेला ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेलं. हा आकडा कागदापुरता नाही. वाऱ्याचा दाब काढायला वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणायचं. ४४ ला तो दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन येतो. चार डायपोलचा, ६.४ मीटर उंचीचा अरे पाइपासकट अर्धा चौरस मीटर वारा अडवतो असं धरलं, तर जवळपास साठ किलोचा आडवा रेटा, पायापासून ३.२ मीटरवर. दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय पाइप या रेट्याला वाकतोच. दोन इंची सी क्लास (जाड) काठावर तगतो. खालून दोन मीटरवर दुसरा ब्रॅकेट दिला की पाइपातला ताण निम्म्याहून खाली येतो. म्हणून माझा आग्रह: दोन इंची सी क्लास, आणि दोन मीटर अंतराने दोन पकडी. उंची आणि जागेचे गुणक यात अजून धरलेले नाहीत, तेव्हा डोंगरमाथ्यावर किंवा वीस मजली इमारतीवर लावणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घ्याच. खाली माणसं चालत असतात.

ताणाच्या तारा लावायच्या असतील तर लोखंडी तार आणि टर्नबकल अँटेनाजवळ नको. गंजलेली तार गंजलेल्या हुकात हलली की तीच खरखर सुरू होते. उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा दोर चालतो. याच कारणाने आजूबाजूची गच्चीही बघा. नवी मुंबईत प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर पावसासाठी पत्र्याची शेड असते, तिचे जे-हुक गंजलेले, शेजारी बंद पडलेल्या डिशचे सांगाडे. अँटेना उत्तम असूनही रिसीव्हर बहिरा होतो तो अशा शेजारामुळे. सोसायटीला विनंती करून जुने सांगाडे काढून टाका, आणि अँटेनाचा तळ शेडच्या किमान तीन-चार मीटर वर राहील असं बघा.

धातूंची संगत

माझ्या मते निम्मा टिकाऊपणा नट-बोल्टांत असतो. अँटेनासोबत येणारे पिवळसर चमकणारे बोल्ट जस्ताचा पातळ मुलामा दिलेले असतात. खाडीकाठी दोन पावसाळ्यांत ते लाल होतात. ते टाकून द्या आणि ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबकाने कळत नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. व्यापाऱ्याकडे मॉली टेस्टचं (३१६ मधलं मॉलिब्डेनम ओळखणारं) द्रावण असतं, एक थेंब टाकून दाखवायला सांगा. चांगला व्यापारी नाही म्हणत नाही. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला की जागीच जाम होतो, मग कापावाच लागतो. म्हणून आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. पाइप आणि ब्रॅकेट गरम जस्तात बुडवून काढलेले हवेत. आधी भोकं पाडा, वेल्डिंग करा, मग बुडवायला द्या. बुडवून आणल्यावर पाडलेल्या प्रत्येक भोकातून गंज सुरू होतो.

तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट लागू देऊ नका. मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी पडते. अर्थिंगची तांब्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या बूमला बांधायचीच असेल तर कथील चढवलेला लग आणि द्विधातू वॉशर वापरा. एमआयडीसीच्या हवेत गंधकाचे वायू असतात, त्यांनी उघडं तांबं काळं पडतं. तांब्याच्या पाइपाचा घरगुती जे-पोल अँटेना इथे म्हणूनच लवकर रंग बदलतो.

स्वतः करून घेणार असाल तर रबाळे-महापेच्या गाळ्यांमध्ये आर्गन वेल्डिंग करणारे फॅब्रिकेटर भेटतात. १४५ मेगाहर्ट्झसाठी फोल्डेड डायपोलची उंची ९८ सेंटीमीटरच्या आसपास, १२ मिलिमीटर नळी, दोन दांड्यांत सहा-सात सेंटीमीटर अंतर. हे सुरुवातीचे आकडे, शेवटचं माप नॅनोव्हीएनएवर ठरतं. दोन डायपोलमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत दीड ते पावणेदोन मीटर. अर्ध्या तरंगलांबीचा केबलचा बालून (केबल आणि डायपोल जुळवणारा तुकडा) केला तर घन पॉलिथिनच्या केबलमध्ये तो ६८ सेंटीमीटर येतो. वेल्डरला एकच गोष्ट बजावा: नळी ते बूम हा जोड पूर्ण गोल वेल्ड हवा, रिव्हेट किंवा स्क्रू नको. नळ्यांच्या खालच्या टोकाला पाणी निथळायची वाट ठेवा.

हार्नेस हा या प्रकाराचा कच्चा दुवा. चार डायपोल जोडायला तीन टी-जोड येतात आणि पाणी शिरतं ते तिथेच. फोमची केबल हार्नेसला नको. घन इन्सुलेशनपेक्षा फोमला पाण्याचा त्रास जास्त. घन इन्सुलेशनची आरजी-२१३ किंवा टेफ्लॉनची आरजी-४०० घ्या, जोड सोल्डर करा आणि पूर्ण जोड इपॉक्सीत बुडवून साच्यात ओता. तयार अरे घेताना हेच बघा: टी-जोड साच्यात ओतलेले आहेत की नुसत्या टेपने गुंडाळलेले?

मुख्य केबलला कंजुषी नको. १४५ वर आरजी-२१३ दर शंभर मीटरला साडेआठ-नऊ डीबी खाते, अर्ध्या इंची हार्डलाइन (अखंड धातूच्या कवचाची केबल) पावणेतीनच्या आत. तीस मीटरच्या धावेला हा पावणेदोन डीबीहून जास्त फरक, जाताना आणि येताना दोन्हीकडे. एलएमआर-४०० सारखी केबल तोट्यात चांगली असते, पण तिच्यात ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यावर कथील चढवलेली जाळी घासते. रिपीटरवर ती कालांतराने खरखर करते, म्हणून मी ती वापरू देत नाही. कनेक्टर एन प्रकारचेच. सील करताना आधी पीव्हीसी टेपचा एक हात, त्यावर ताणून लावली की आपोआप एकजीव होणारी रबर टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलासारखा चढतो. शेवटी पुन्हा चांगली काळी पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन कनेक्टरला कधीही लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल खोलीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकेल.

चढवण्याआधी आणि नंतर

विकत घेतलेला असो वा केलेला, खाली असतानाच त्याची परीक्षा घ्या. रिपीटर आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी ताकद जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) ठेवा. एक अगदी क्षीण सिग्नल रिसीव्हरला द्या, इतका क्षीण की शब्द खरखरीतून जेमतेम कळतील. ट्रान्समीटर चालू-बंद करा. काही फरक पडता कामा नये. पडला तर दोष डुप्लेक्सरमध्ये किंवा खोलीतल्या जोडकेबलींत आहे, अँटेनाला बोल लावू नका. मग डमी लोड काढून अँटेना जोडा, तो मोकळ्या जागी उभा करून, आणि तेच करा. ट्रान्समीटर चालू असताना एकाने लांब बांबूने पाइपावर, बूमवर, हार्नेसवर टकटक करावी, स्वतः अंतर राखून. ठोक्यागणिक खरखर आली तर तो अँटेना परत करा. पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा, वर जाऊन तो सुधारत नाही. वर चढणाऱ्या रिगरला दरवेळी द्यावे लागणारे पैसे आणि दरवेळची जोखीम मनात धरली तर परत करायचा संकोच वाटत नाही.

चढवल्यावर, कोरड्या दिवशी, नॅनोव्हीएनएचा आलेख काढून तारखेसह जपून ठेवा: केबलच्या खालच्या टोकापासून, १४० ते १५० मेगाहर्ट्झ. पुढचं सगळं निदान याच आलेखाशी ताडून होतं. मेच्या मध्यात, रोहिणी लागण्याआधी एकदा वर माणूस पाठवा. क्लॅम्प आवळणं, टेप बघणं आणि कावळ्यांची घरटी काढणं ही कामं तेव्हाच. आपल्याकडचे कावळे तारांचे तुकडे जमवून घरटी करतात, आणि बूम त्यांना फार आवडतो. डायपोलच्या दोन दांड्यांना टेकलेली एक तार सगळा अरे बिघडवते. घरट्यात अंडी किंवा पिलं असतील तर पिलं उडेपर्यंत थांबा. हस्ताचा गडगडाट संपल्यावर ऑक्टोबरात पुन्हा आलेख काढा.

पावसात रिटर्न लॉस खालावला आणि दोन कोरड्या दिवसांनी पूर्ववत झाला, तर पाणी कनेक्टरवर किंवा टी-जोडात शिरतंय. हार्नेस बदला, डायपोलना हात लावू नका. खालावला आणि तसाच राहिला, तर पाणी केबलच्या आत चालून गेलंय, आणि वरचा मीटरभर तुकडा कापून तांबं काळं पडलंय का ते बघावं लागेल. आलेख जसाच्या तसा आहे पण वाऱ्यात लांबचे लोक तुटताहेत, तर यांत्रिक जोड सैल झालाय: क्लॅम्प, अर्थिंगचा लग, शेजारचा पत्रा, याच क्रमाने बघा. वीज पडल्यानंतर आलेख ठीक असला तरी मल्टिमीटरने तो शून्य ओहम पुन्हा तपासा, आणि टकटक परीक्षा पुन्हा घ्या. हार्नेसचा एक तयार, मोजलेला जोड जूनच्या आधी रिपीटरच्या खोलीत टांगून ठेवा, सोबत टेप आणि अँटी-सीझची डबी.